पाच फ्लॅग आणि हापूसच्या पेट्या

आजचा एपिसोड छोटा आहे, पण विषय माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे.

माझी पहिली नोकरी. ऑनलाइन फळं विकणारी छोटी कंपनी, आंब्याचा सीझन. ऑर्डर्सचं टेबल मी बनवलेलं. त्यात पाच कॉलम: पेड, पॅक्ड, शिप्ड, डिलिव्हर्ड, कॅन्सल्ड. प्रत्येकात फक्त हो किंवा नाही. मी खूश!

एक दिवस गोडाऊनमधल्या दादांवर आळ आला. कॅन्सल झालेल्या हापूसच्या पेट्या त्यांनी पाठवल्याच कशा? ग्राहकाला रिफंडही गेला आणि पेट्याही गेल्या. दादांच्या पगारातून पैसे कापायची भाषा सुरू झाली.

मी डेटाबेस उघडला. त्या ऑर्डर्समध्ये शिप्डही हो आणि कॅन्सल्डही हो. आधी काय झालं? टेबल गप्प. मग पॅकिंग स्क्रीनची क्वेरी पाहिली. पेड आहे ना, शिप्ड नाही ना, एवढंच ती बघत होती. कॅन्सल्ड तपासायला मीच विसरलो होतो. दादांना स्क्रीनवर जे दिसलं, ते त्यांनी पाठवलं. मॅनेजरला तसं सरळ सांगितलं. दादांचा पगार वाचला.

आता गणित बघा. पाच फ्लॅग म्हणजे ३२ कॉम्बिनेशन्स. नल चालत असेल तर थेट २४३! खऱ्या आयुष्यात ऑर्डरच्या अवस्था जेमतेम सहा-सात. बाकी सगळ्या भानगडी, आणि त्यांना दार आपणच उघडं ठेवतो.

मग मी काय बदललं?

एक, ऑर्डरसाठी एकच स्टेटस कॉलम, नॉट नल. चालणाऱ्या स्टेटसची यादी वेगळ्या छोट्या टेबलात आणि तिला फॉरेन की. यादीबाहेरचं काही आत शिरतच नाही. चेक कन्स्ट्रेंटही चालतो, पण मायएसक्यूएलवर असाल तर व्हर्जन बघा. ८.०.१६ च्या आधी तो चेक लिहिता यायचा, पण पाळला जायचा नाही!

दोन, पैशांचं स्टेटस वेगळं. पैसे आले का आणि पेटी कुठे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तीन, अपडेट करताना वेअरमध्ये जुनं स्टेटस लिहायचं. 'पॅक्ड असेल तरच शिप्ड कर.' शून्य रो बदलल्या, तर मधेच कोणीतरी कॅन्सल केलंय, थांबा.

चार, हिस्टरी टेबल. जुनं स्टेटस, नवं स्टेटस, कोणी केलं, कधी केलं. हे त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचं.

म्हणजे बूलियन वाईट का? अजिबात नाही. 'गिफ्ट पॅकिंग हवंय का?' हा प्रश्न बाकी कशावर अवलंबून नाही, तिथे बिनधास्त वापरा. पण एक फ्लॅग हो झाल्यावर दुसरा नाही व्हायलाच हवा असेल, तर ते दोन फ्लॅग नाहीत, ते एकच स्टेटस आहे.

टेबलात जे नोंदवलेलं नसतं, त्याचा जाब शेवटी कुठल्यातरी दादांनाच विचारला जातो. तुमच्या टेबलात शिप्ड आणि कॅन्सल्ड दोन्ही हो असलेल्या रो किती आहेत? आज एक क्वेरी मारून बघाच. भेटू पुढच्या भागात!