ओटीपी कुणाच्या फोनवर?

आज लाडकी बहीण.

जुलै 2024 मध्ये अर्ज सुरू झाले, महिना 1500 रुपये. वर्षभराने मंत्री आदिती तटकरेंनी सांगितलं की पडताळणीत 26 लाख 34 हजार लाभार्थी अपात्र दिसले. कुणी दुसऱ्या योजनेचाही लाभ घेत होतं, कुठे एकाच घरात दोनपेक्षा जास्त नावं, आणि चक्क काही पुरुषसुद्धा!

मी कोड लिहितो, त्यामुळे डोकं फिरलं. अहो, पडताळणीची माहिती सरकारच्याच इतर खात्यांकडून आली. मग ती पहिला हप्ता जायच्या आधीच का नाही तपासली?

मग सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी आली. त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्यावर ओटीपी. माझी मावशी विधवा, आजोबाही गेलेले. स्क्रीन पुढेच जाईना. तिचा फोन आला, "अरे, तुमच्या कॉम्प्युटरातून मेलेल्या माणसाला मेसेज जातो का रे?"

आमच्याकडे असा केस टेस्टिंगमध्येच पकडतात. निदान पकडायला हवा. मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली, पण नंतर. तोवर मावशीच्या तालुक्याला दोन चकरा झाल्या. एसटीचं तिकीट अर्धं होतं, तेवढंच.