पऱ्हाट्यांचे इंधन : यंत्र कोणते घ्यावे?

(कापूस पट्ट्यातील ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कापसाची शेवटची वेचणी आटोपली की विदर्भात बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. काही चुलीला जातात, बाकीच्या पेटवून दिल्या जातात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर काडीकचऱ्याच्या इंधनकांड्या, म्हणजे पेलेट, जाळण्याचे सुधारित धोरण जाहीर केले. तेव्हापासून बचत गट व तरुण उद्योजक यंत्रांची माहितीपत्रके घेऊन आपणांकडे येतात आणि जागेचा ठराव मागतात. ठरावापूर्वी त्यांना काय विचारावे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

ताशी १ टनाचे यंत्र दिवसास ८ तास व वर्षाचे २५० दिवस चालले, तर २,००० टन कांड्या होतात. हेक्टरी सुकलेल्या पऱ्हाट्या २ ते ३ टन मिळतात. म्हणजे जवळजवळ ८०० हेक्टरांवरील सर्व पऱ्हाट्या गोळा झाल्या पाहिजेत. त्या सर्व मिळणार नाहीत. शेतमजुरांच्या चुलीचा वाटा आधी बाजूला काढावा लागेल. माहितीपत्रकांत त्याचा उल्लेखही नसतो. हा हिशेब न करता घेतलेले मोठे यंत्र कर्जाचे व्याज तेवढे नियमित देते.

माल हंगामी असल्याने साठवण ओघानेच आली, आणि येथे एक धोका संभवतो. गुलाबी बोंडअळी पऱ्हाट्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत दडून राहते. २०१७ च्या हंगामात तिने कापूस उत्पादकांचे केवढे नुकसान केले, हे आपणांस सांगावयास नको. अखंड पऱ्हाट्यांची गंजी गावाशेजारी पावसाळ्यापर्यंत रचून ठेवणे म्हणजे पुढील पिकाचा शत्रू पोसणे होय. म्हणून माझ्या मते पहिली खरेदी बारीक तुकडे करणाऱ्या श्रेडरची असावी. उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाशी माती व खडे असतात, सालीचे तंतू यंत्राच्या फिरत्या भागांना गुंडाळतात. पुरवठादाराने याची सोय दाखविली पाहिजे.

आता मुख्य यंत्र. सपाट डायचे यंत्र स्वस्त व दुरुस्तीस सोपे. ताशी काही शे किलोच्या कामास ते पुरते. दिवसभर टनांनी उत्पादन घ्यावयाचे तर वलयाकार, म्हणजे रिंग डायचे यंत्र घेणे रास्त. परंतु डायच्या आकाराहून तिच्या छिद्रांचे माप अधिक महत्त्वाचे. ८ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राची दाबाची लांबी ४० मिलिमीटर असेल, तर प्रमाण १ : ५ झाले. लांबी कमी पडली तर कांडी हातात चुरते. अधिक झाली तर छिद्रे तुंबतात व मोटारीवर भार येतो. योग्य प्रमाण मालागणिक बदलते. लाकडाच्या भुशासाठी केलेली डाय पऱ्हाटीला चालेलच असे नाही. ओलावा साधारण १० ते १५ टक्क्यांत असावा. आपल्याकडील फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तो बहुधा आपोआप येतो, पावसाळ्यात मात्र शेड हवीच. गिऱ्हाईक जवळचा बॉयलरवाला असेल, तर जाडसर भरड चालणारे पांढऱ्या कोळशाचे यंत्र पुरे. कांड्यांचा हट्ट कशाला?

पुरवठादाराच्या अंगणात भुशावर दाखविलेले प्रात्यक्षिक ग्राह्य धरू नये. आपल्या गावची पऱ्हाटी न्यावी आणि यंत्र पूर्ण पाळी चालवून पाहावे. किती कांड्या निघाल्या व टनामागे विजेची किती युनिटे पडली, हे समक्ष मोजावे. डाय व रोलर झिजणारे भाग आहेत. ते किती टनांनंतर बदलावे लागतात, काय दराने व किती दिवसांत मिळतात, हे लेखी घ्यावे. किमतीचा शेवटचा हप्ता यंत्र आपल्या शेडमध्ये, आपल्या वीजजोडणीवर, ठरलेले उत्पादन देईपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घालावी.