बांगाईचा मासा

इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या पूर्वेस बांगाई नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. तेथील उथळ, संथ पाण्यात जेमतेम चार बोटे लांबीचा एक मासा राहतो. रुपेरी अंगावर उभे काळे पट्टे, काळ्या परांवर चांदण्यांसारखे पांढरे ठिपके आणि खोल दुभंगलेली शेपटी, असे त्याचे रूप. रोमन धर्मपीठाच्या तांबड्या झग्यांतील कार्डिनलांवरून या कुळाला नाव मिळाले. पण या माशाच्या अंगी तांबडेपणाचा लवलेशही नाही. कूमान्स या शास्त्रज्ञाने १९३३ साली त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे सुमारे साठ वर्षे जगाला त्याचा विसर पडला. १९९४ साली जेराल्ड ॲलन यांना तो पुन्हा आढळला. त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, आणि काचेच्या टाकीत समुद्र उभा करणाऱ्या शौकिनांची त्यावर उडी पडली. काही वर्षांतच दरसाल लाखो मासे परदेशी जाऊ लागले.

एवढी ओढ हा मासा सोसू शकत नाही. याचे कारण त्याच्या पितृत्वात आहे. मादीने घातलेली अंडी नर तोंडात घेतो. सुमारे तीन आठवड्यांनी ती फुटतात. त्यानंतरही आठदहा दिवस पिल्ले बापाच्याच मुखात वाढतात. या साऱ्या काळात त्याला जवळजवळ कडकडीत उपवास घडतो. अशी तपश्चर्या मनुष्यजातीतील किती पिते करतील, कोण जाणे! प्रवाळातील बहुतेक माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. याची मात्र जन्मस्थळीच राहतात. लांब काळ्या काट्यांचे अर्चिन किंवा समुद्रपुष्पे यांच्या आश्रयाने ती वाढतात. म्हणून एखादी खाडी जाळ्याने रिकामी झाली, की ती भरून काढण्यास शेजारच्या खाडीतून कोणी येत नाही. २००७ साली या माशाची गणना संकटग्रस्त जातींत झाली.

आणि नवल असे, की ज्या स्वभावामुळे तो समुद्रात संकटात सापडला, त्याच स्वभावामुळे घरच्या टाकीत त्याची वीण होणे सुकर आहे. इतर सागरी माशांची पिल्ले डोळ्यांना नीट दिसतही नाहीत व त्यांचे खाद्य मिळवता मिळवता भलेभले थकतात. याची पिल्ले बाहेर पडतात ती घडलेली, आर्टेमियाची नुकती निघालेली पिल्ले गिळू शकणारी.

टाकीचे पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असावे, प्रवाह मंद असावा. दोन नर एकत्र ठेवल्यास एकाचा बळी जाण्याची भीती असते, आणि नरमादी ओळखणे सोपे नाही. म्हणून लहान वयाचे पाचसहा मासे आणून जोडी जमू द्यावी व उरलेले हलवावेत. नराचा जबडा फुगलेला दिसला आणि त्याने अन्नाकडे पाठ फिरवली, की त्याला अजिबात दचकवू नये. घाबरला तर तो अंडी टाकून देतो किंवा गिळतो. पिल्ले सुटताच त्यांना वेगळ्या टाकीत न्यावे, कारण उपवास सुटलेल्या थोरांचा भरवसा धरता येत नाही. काट्यांचा आसरा तेथेही हवा. खरा अर्चिन नसेल, तर काळ्या काड्यांचा कृत्रिमही चालतो.

अलीकडे थायलंडमध्ये या माशाची व्यापारी पैदास होऊ लागली आहे. समुद्रातून पकडलेला मासा कित्येकदा प्रवासातच दगावतो किंवा विषाणूचा रोग घेऊन येतो, आणि आला तरी कोरड्या खाद्याला तोंड लावीत नाही. टाकीत जन्मलेला मासा ते लवकर शिकतो. म्हणून मासा विकत घेणाऱ्याने किंमत विचारण्यापूर्वी तो कोठे जन्मला, हे विचारावे.