एकटीने न सुटणारी गाठ
(मंडळाच्या वर्धापनदिनी तेर येथे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय चारचौघींत बोलण्याचा नव्हे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु जी गोष्ट बोलता येत नाही ती थांबवताही येत नाही. म्हणून मी आरंभीच स्पष्ट बोलते.

स्त्रीच्या देहावर मूत्रद्वाराच्या वरच्या बाजूस एक लहान, नाजूक उंचवटा असतो. वैद्यकात त्यास शिश्निका म्हणतात. तिच्यावर कातडीचे छोटेसे आवरण असते. काही समाजांत मुलगी अजाण असतानाच हे आवरण, किंवा शिश्निकाही, कापतात. कोठे त्याहून अधिक भाग कापला जातो, तर कोठे जखम शिवून केवळ बारीक छिद्र ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने या विच्छेदनाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यापासून आरोग्याला कोणताही लाभ नाही, असे स्वच्छ म्हटले आहे. रक्तस्राव, जंतुदोष, लघवीचा त्रास, काही प्रकारांत बाळंतपणातील अडचणी आणि मनात घर करून बसलेली भीती, हेच पदरी पडते. युनिसेफने 2024 मध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणे 23 कोटींहून अधिक हयात स्त्रिया व मुली यातून गेलेल्या आहेत.

"ही आफ्रिकेतील गोष्ट, तेरला तिचे काय?" असे कोणी विचारील. पण ही गोष्ट आपल्या मुंबईतही आहे. तेर म्हणजे जुने तगर. इथला माल गाड्यांतून भडोच बंदरास व तेथून समुद्रापार जाई, हे आपण अभिमानाने सांगतो. मालाबरोबर माणसे फिरतात आणि माणसांबरोबर चालीरीतीही. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मपीठ सोळाव्या शतकात येमेनमधून गुजरातेत आले. येमेनमध्ये ही चाल आहे, आणि बोहरा समाजातही ती 'खतना' किंवा 'खफ्ज' या नावाने चालत आली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या देशातील बहुसंख्य मुसलमान घरांत ही प्रथा नाही, आणि कुराणात तिचा उल्लेख नाही. तेव्हा हे ऐकून कोणत्याही शेजारणीकडे वाकड्या नजरेने पाहू नये. शिवाय बोहरा समाज व्यापारउदीम करणारा, मुलींना शिकवणारा आहे. शिक्षण असूनही चाल टिकली, ती का, हेच समजून घ्यावयाचे आहे.

साधारण सात वर्षांच्या मुलीला आई, आजी किंवा आत्या खाऊचे, फिरावयास नेण्याचे आमिष दाखवून घेऊन जाते. हे द्वेषापोटी होत नाही. मुलगी शुद्ध राहील, तिची वासना ताब्यात राहील, समाजात तिला मान मिळेल, या समजुतीने आणि पुष्कळदा मायेने होते. घरातील पुरुषांना कित्येकदा त्याचा पत्ताही नसतो. मुलीला सांगतात, "कोणाला बोलू नकोस." ती बोलत नाही, आणि पुढे आपल्या मुलीचा हात धरून तीच निघते.

हे मौन आतूनच फुटले. रेहाना घडियाली या विदुषींनी 1991 मध्ये 'मानुषी' मासिकात यावर लेख लिहिला. 2015 मध्ये मुंबईत पाच स्त्रियांनी 'सहियो' ही संस्था काढली. सहियो म्हणजे सख्या. मासूमा रानालवी व त्यांच्या सहकारी बोहरा भगिनींनी स्वतःच्या नावानिशी आपले अनुभव सांगितले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 94 जणांशी बोलणे झाले. त्यांच्या सात वर्षांवरील मुलींपैकी चारांत तिघींवर हा प्रकार झाला होता. पाहणी लहान होती, पण बंद दार किलकिले झाले. आमचा प्रकार सौम्य आहे आणि तो आमचा धर्माधिकार आहे, असे म्हणणाऱ्या बोहरा स्त्रियाही आहेत. त्यांचे म्हणणे ऐकावे. परंतु प्रौढ स्त्रीने आपल्यापुरता निर्णय घेणे निराळे आणि सात वर्षांच्या पोरीला फसवून नेणे निराळे.

2017 मध्ये सुनीता तिवारी या वकील बाईंनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ही प्रथा चालू कायद्यानेही गुन्हाच ठरते, असे 2018 मध्ये केंद्र सरकारतर्फे सांगण्यात आले. त्याच वर्षी प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपविले गेले, आणि 2019 मध्ये त्यातील धर्मस्वातंत्र्याचे प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे गेले.

कायदा हवाच. पण चाल मोडते कशी, ते सेनेगल देशातील एका खेड्याने दाखविले. मालिकुंडा बंबारा गावच्या बाया आरोग्याच्या वर्गात शिकल्या आणि 1997 च्या जुलैत त्यांनी ही प्रथा सोडल्याचे जाहीर केले. आसपासच्या लोकांनी त्यांना नावे ठेवली. तेव्हा शेजारच्या गावचे वृद्ध इमाम देम्बा दियावारा यांनी मर्म सांगितले : आमच्या सोयरिकी दहा गावांत होतात, तेव्हा एका गावाने सोडून भागणार नाही, सोयऱ्यांनी मिळून सोडले पाहिजे. ते गावोगाव फिरले. 1998 मध्ये तेरा गावांनी एकत्र शपथ घेतली, आणि पुढे हजारो गावे त्या वाटेने गेली. देशाचा कायदा 1999 मध्ये झाला. तेथे प्रथा अजून पुरती संपलेली नाही, पण तिची मुळे हलली.

हे आपल्याला परके वाटू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने 2022 च्या मे महिन्यात ठराव केला, की पती गेल्यावर बाईचे कुंकू पुसावयाचे नाही, बांगड्या फोडावयाच्या नाहीत. एकट्या सुनेने हे म्हटले असते तर तिला नावे ठेवली असती. गावाने म्हटले, म्हणून निभावले.

आणि आपल्या मराठवाड्यात? शाळेतली पोर वयात आली की "चांगले स्थळ आले आहे" म्हणून अठरा वर्षांच्या आत उजवून टाकणारी घरे आपण पाहतोच. तेथेही माया आहे, भीती आहे, आणि "लोक काय म्हणतील" हेही आहे. गाठ तीच, दोर निराळा.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, आपल्या मुलींना देहाच्या सर्व अवयवांची नावे सांगा, आणि "कोणाला सांगू नकोस" असे जो कोणी म्हणेल त्याचीच गोष्ट आधी आईला सांगावयाची, हे शिकवा. मूल संकटात दिसले तर 1098 हा क्रमांक लक्षात ठेवा. दुसरी, अठराच्या आत मुलगी द्यावयाची नाही आणि अठराच्या आतली सून आणावयाची नाही, असा ठराव आज सर्वांनी मिळून मंडळाच्या वहीत लिहा. "द्यावयाची नाही" एवढेच लिहाल तर एकेक आई एकटी पडेल. "आणावयाची नाही" हेही लिहिलेत, तर तिला धीर येईल. वही समोर आहे. सह्या करावयास या, आणि येताना शेजारणीचा हात धरून या.