पाच हजारांत काय काय आहे?

आज हिशोबाचं बोलू, पण घाबरू नका, बेरजेपलीकडे काही नाही.

कापूस विकला गेला की आपल्या अमळनेरकडच्या बचत गटांत थकलेला भरणा एकदम येतो. समजा, एका ताईनं फोनवरून गटाच्या खात्यावर ५,००० रुपये टाकले. तिच्यावर गटाचं १२,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज आहे. व्याज महिन्याला शेकडा एक रुपया, तीन महिन्यांचं राहिलेलं, म्हणजे ३६०. बचत महिन्याला २०० प्रमाणे तीन महिन्यांची ६००. दोन बैठकांना आली नव्हती, त्याचा दंड ४०. उरले ४,०००, ते मुद्दलात. सगळं मिळून बरोबर ५,०००. आता तिचं कर्ज राहिलं ८,०००.

बँकेचा मेसेज मात्र एवढंच सांगतो, की ५,००० जमा. बँकेला व्याज, बचत, दंड काही दिसत नाही. ती फोड आपल्यालाच करायची असते.

ती केली नाही तर काय होतं? सगळे पैसे बचतीत लिहिले, तर ताई अजून १२,००० ची थकबाकीदार दिसते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तिचं नाव मागे पडतं. सगळे मुद्दलात लिहिले, तर कर्ज ७,००० दिसतं, ताईही खूश. पण तिची ६०० ची बचत वहीतून गायब. वर्षाअखेरीला गटाचा नफा वाटताना ती विचारते, "मना पैसा कथा गया?" आणि भांडण सुरू. पैसे कोणी खाल्लेले नसतात. फक्त चुकीच्या खान्यात बसलेले असतात.

आता हे नवीन. फोनमध्ये एआयचे मदतनीस आलेत, त्यांना एजंट म्हणतात. आपण बोलायचं, ते हिशोबाच्या प्रोग्राममध्ये नोंद करतात. वायनॅबसारख्या घरखर्चाच्या प्रोग्राममध्ये एका व्यवहाराची अशी फोड करायची सोय आधीपासून आहे. आपल्या आज्या वेगवेगळ्या डब्यांत पैसे ठेवायच्या, तसंच ते. (आणि संगणकाच्या कामासाठी जगभर ओळखली जाणारी विप्रो कंपनी १९४५ मध्ये आपल्या अमळनेरातच वनस्पती तूप काढत सुरू झाली, तेव्हा संगणक आपल्याला अगदीच परका नाही!) ज्या ताईला वाचता येत नाही, तिच्यासाठी बोलून लिहिणारा मदतनीस मोठा आधार आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पण त्याला एक सवय असते. सांगितलं नाही, तर तो अंदाज करतो. मागच्या वेळी बचत लिहिली होती, म्हणून आताही बचत. म्हणून त्याला असं सांगायचं: "हे पाच हजार एकच व्यवहार आहे. त्यात व्याज ३६०, बचत ६००, दंड ४०, मुद्दल ४,०००. आधी मला वाचून दाखव, मग लिही." त्यानं चार भाग आणि बेरीज ऐकवली पाहिजे. बेरीज जुळली नाही, तर उरलेले पैसे 'इतर' मध्ये ढकलायचे नाहीत. त्यानं थांबून विचारायचं, कारण 'इतर' च्या डब्यात पडलेला पैसा पुढे कोणालाच आठवत नाही.

दुसरी गोष्ट आणखी बारीक आहे. बँकेच्या मेसेजवरून ५,००० ची नोंद आपोआप झालेली असते. मदतनीसानं तिचीच फोड न करता चार नव्या नोंदी केल्या, तर वहीत १०,००० होतात! पासबुकात एक ओळ, तर वहीतही एकच व्यवहार. भाग त्याच्या पोटात. महिन्याला एकदा पासबुक समोर ठेवून ओळीला ओळ लावून बघा.

घरातही हेच. उडदाचे पापड करणारी ताई किराणा दुकानातून १,८६० चा माल आणते. त्यात उडदाची डाळ, पापडखार, तेल मिळून १,१२० पापडांचे. साखर, चहा, साबण ७४० घरचे. सगळं बिल धंद्यावर टाकलं, तर पापडात काही सुटतच नाही असं वाटतं. मग घरचे म्हणतात, बंद कर. चालता धंदा साबणाच्या वडीपायी बंद पडायचा! म्हणून दुकानातून निघण्याआधीच बिलावर पेनानं खुणा करून घ्या. संध्याकाळी कोणाच्या लक्षात राहतं?

मदतनीसाला फक्त लिहायचं काम द्या. पिन आणि ओटीपी त्याला सांगायचा नाही, पैसे पाठवणं आपल्याच हातानं.

राहिला एक प्रश्न. ताईनं ५,००० च्या ऐवजी ८०० च दिले तर? आधी दंड, मग व्याज, मग बचत, की आधी बचत? हे मदतनीसानं ठरवायचं नाही आणि सचिवताईनं एकटीनंही नाही. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून क्रम ठरवा, इतिवृत्ताच्या वहीत लिहा, सह्या-अंगठे घ्या. मग तोच क्रम फोनलाही सांगा.