सासूबाईंचा हिशेब



“यंदा वर्धापनदिनी शास्त्रावर काही बोला,” असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी घाबरलेच. ग्रहतारे कोठे आणि मी कोठे! मग वाटले, आकाशातल्या ओढीचा पुरावा आपल्या भाईंदरच्या खाडीत दिवसातून दोनदा चढतो नि उतरतो. तेवढेच सांगावे, आणि त्यापायी घडलेली माझी एक चूकही सांगावी.

मी घाटावरची. लग्न होऊन आले तेव्हा मामंजी मिठागरात कामाला होते. त्या माघी अमावास्येला ते तापाने पडले होते, सासूबाई उशाशी. त्या मला म्हणाल्या, “सूनबाई, उद्या प्रतिपदा. पाऊण वाजता पाणी भरेल, मोठं उधाण आहे. बांधाला भेग पडलीय. मुकादमांना आजच निरोप दे.”

मी मॅट्रिकला शास्त्र शिकलेली! अमावास्येचे नाव काढले की म्हाताऱ्या माणसांना भीती वाटायचीच, असे मनाशी म्हटले आणि गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बांध फुटला. वाफ्यांत धरलेले मीठ पाण्यात विरघळून गेले. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते न बोलणेच फार लागले.

पुढे मी पुस्तके उघडली. आपल्या महाराष्ट्राशी नाते असलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त लिहिले आहे की, पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे. १६८७ साली न्यूटनने त्यापुढचे पाऊल टाकले. पृथ्वीच ओढते असे नव्हे, प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. पृथ्वी चंद्राला जेवढ्या जोराने ओढते, तेवढ्याच जोराने चंद्र पृथ्वीला ओढतो. वस्तुमान वाढले की ओढ वाढते. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई उरते.

आता एक कोडे. सूर्य चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लक्ष पट जड आहे. तो सुमारे ३९० पट लांब असूनही पृथ्वीला चंद्राहून पावणेदोनशे पट अधिक जोराने ओढतो. मग भरतीवर चंद्राचीच सत्ता का?

चुलीपुढे बसले की तोंड भाजते नि पाठ गार राहते. दूरच्या होळीची ऊब मात्र पुढे उभ्या मुलाला नि मागे उभ्या आईला जवळजवळ सारखीच लागते. भरती येते ती नुसत्या ओढीने नव्हे, पृथ्वीच्या दोन बाजूंच्या ओढीतील फरकाने. चंद्र आपली जवळची चूल! त्याच्याकडचे पाणी पृथ्वीपेक्षा अधिक ओढले जाते, पलीकडचे कमी ओढले जाऊन मागे राहते. म्हणून दोन्ही बाजूंस पाणी फुगते आणि दिवसात दोन भरत्या येतात. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी.

अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळजवळ एका ओळीत येतात. दोघांचे बळ एकवटते आणि उधाण येते. ते बहुधा एकदोन दिवस मागाहून जोर धरते. अष्टमीला दोघे काटकोनात ओढतात, म्हणून भरती बेताची, भांगाची.

आणि तिथी म्हणजे तरी काय? चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला याचे माप! चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, भरतीही तितकीच लांबते. सासूबाईंचा हिशेब होता, तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ येते. प्रतिपदेला पाऊण, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडे मागेपुढे होते, पण आपल्या किनाऱ्यावर तो उपयोगी पडतो. मी ज्याला भीती समजले, ते गणित होते.

आमच्या घरचे आता कोणी मिठागरात नाही. पण खाडी आहे तेथेच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दुपारी भरतीही होती. भरलेल्या समुद्रात नाल्यांचे पाणी जाणार कोठे? म्हणून विनंती इतकीच की, पावसाळ्यात दिनदर्शिकेवर नुसती एकादशी-चतुर्थी पाहू नका. तिथीची पाऊणपट करा, सरकारी भरतीची वेळ ताडून पाहा, आणि तळमजल्यावरच्या शेजारणीला वेळेवर निरोप द्या.

मी एकदा तो दिला नव्हता.