आधी पडायला शिकू या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



एरवी लोणची-पापडांवर बोलणारी मी आज ज्युदोवर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. माझ्या नातीने ज्युदोचा हट्ट धरला, तेव्हा “मुलीच्या जातीला हा धसमुसळेपणा कशाला?” असे म्हणणारी घरात मीच पहिली होते. पुढे तिच्या सोबतीला जाऊ लागले आणि भिंतीशी बसून पाहता पाहता माझे मत फिरले.

सुरुवातीला त्या मुलींना कोणाला पाडायला शिकवलेच नाही. शिकवले ते पडायला. हनुवटी छातीशी घ्यायची, म्हणजे डोके आपटत नाही. पाठ गोल ठेवायची आणि अंग गादीला लागताच सबंध हाताने थाप मारायची, म्हणजे आघात एकाच जागी बसत नाही. आपल्या तांबड्या मातीतल्या कुस्तीप्रमाणे ज्युदोतही पाठीवर जोराने पडले की सामना संपतो. पण सरावात शंभरदा पडायचे आणि शंभरदा उठायचे. पडण्याची लाज गेली की भीतीही कमी होते.

ही विद्या जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने जुन्या जुजुत्सूतून घडविली. अंगाने किरकोळ असलेल्या कानोंनी १८८२ साली तोक्योतील एका देवळात बारा चटयांवर ‘कोडोकान’ ही आपली शाळा काढली. ‘जु’ म्हणजे मऊपणा, नमते घेणे. ‘दो’ म्हणजे मार्ग. कानो हिशेब मांडून सांगत: समोरच्याचे बळ दहा आणि माझे सात असेल, तर विरोध करून मी हरणारच. पण तो ढकलत असता मी नेमकी मागे सरले, तर त्याचा तोल जाऊन बळ तीनच उरते; माझे सात मात्र शाबूत राहतात. आपण दार जोराने ढकलावे आणि आतून कोणी एकदम उघडावे, म्हणजे जे होते तेच हे.

मैत्रिणींनो, ‘नमते घे’ हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण आपल्याला शिकवलेले नमणे तिथेच संपे. ज्युदोतले नमणे स्वतःचा तोल राखण्यासाठी असते. मागे घेतलेले पाऊल पुढच्या पावलाची तयारी असते. हा फरक मला फार उशिरा कळला. चाळीस वर्षांपूर्वी गर्दीच्या गाडीत एका माणसाने माझी आगळीक केली. मी अंग चोरून उभी राहिले आणि घरी कोणाशी बोलले नाही. परवा नातीला प्रथमच ते सांगितले. तिने विचारले, “आजी, तू ओरडली का नाहीस?” मला उत्तर देता आले नाही.

ज्युदो येत असता तर मी त्याला उचलून आपटले असते, असे मी म्हणत नाही. नातीच्या शिक्षिकाही सांगतात, आधी हात सोडवा, दूर व्हा, ओरडा. जिला हे जमत नाही तिचा त्यात दोष नाही. दोष हात टाकणाऱ्याचाच. पण पाय घट्ट रोवून उभे राहण्याची सवय अंगाला असती, तर निदान कंठ फुटला असता.

हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. रवींद्रनाथांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात बोलावले, तेव्हा तेथील मुलीही ज्युदो शिकल्या. अमर्त्य सेन यांच्या मातोश्री अमिता सेन त्यांपैकी एक. कोडोकानात १९२६ साली स्त्रियांचा विभाग निघाला. कानोंच्या गुरूंची नात केइको फुकुदा तेथे १९३५ साली दाखल झाल्या. उंची पाच फुटांहून कमी. स्त्री म्हणून त्यांची बढती वर्षानुवर्षे पाचव्या श्रेणीवर अडली होती. २००६ साली कोडोकानने त्यांना नववी श्रेणी दिली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९६४ साली आला, स्त्रियांना पदकासाठी १९९२ सालापर्यंत थांबावे लागले.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. आपल्या श्रीरामपूरच्या मुलींसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी हे सभागृह मोकळे करावे, चांगल्या गाद्या घ्याव्यात आणि जाणत्या शिक्षिकेला बोलवावे. गाद्यांसाठी पहिली वर्गणी माझी. भिंतीशी बसायलाही मी येईन. आणि गुडघ्यांनी परवानगी दिली, तर पडायलाही शिकेन.